जंगलाचा हिशेब कुणाच्या वहीत?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्यामागून रानात हिंडलेले कितीतरी जण आज समोर बसले आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी मी नव्यानं काही सांगावं असं नाही. झाड ओळखल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. आजच्या विषयाला तो दंडक नेमका लागू पडतो. विकसनशील देशांमधल्या जंगलांत किती कार्बन साठलेला आहे, तो मोजतात कसा, आणि त्या मोजणीवर हवामानाचं धोरण कसं उभं राहतं, याबद्दल मी बोलणार आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जंगलातला कार्बन मोजणं हे तांत्रिक काम आहे, पण ते निव्वळ तांत्रिक राहत नाही. जो मोजतो, त्याच्याकडे जंगलाचा निर्णय हळूहळू सरकत जातो. म्हणून गरीब देशांना आपली मोजणी आपण करता आली पाहिजे, आणि त्या देशांमधल्या जंगलाकाठच्या गावांना त्या मोजणीत हजेरीपुरतं नव्हे, तर हाती टेप आणि वही घेऊन उतरता आलं पाहिजे. हे भाबडेपणानं म्हणत नाही. ते जमतं, याचा पुरावा आहे, आणि तो आपल्या शेजारच्या नेपाळमध्येच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. 1997 च्या क्योटो करारात नवी झाडं लावण्याला जागा होती, पण उभं जंगल राखण्याला नव्हती. उजाड माळावर निलगिरी लावली तर तिचा हिशेब होई. शेकडो वर्षांचं जंगल कुऱ्हाडीपासून वाचवलं तर त्याची नोंद कुठेच नसे. माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात जंगलतोडीसह जमिनीच्या बदलत्या वापराचा वाटा आजही सुमारे दहाव्या हिश्शाचा आहे, हे लक्षात घेतलं की ही उणीव केवढी मोठी होती ते कळतं. 2005 मध्ये माँट्रियलच्या परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या दोन देशांनी हा मुद्दा टेबलावर ठेवला. 2007 मध्ये बालीत तो वाटाघाटींच्या आराखड्यात शिरला, 2013 मध्ये वॉर्सात त्याचे नियम ठरले, आणि 2015 च्या पॅरिस करारात पाचव्या कलमात त्याला जागा मिळाली. जगभर ही व्यवस्था 'रेड-प्लस' या नावानं ओळखली जाते. तिचं सूत्र साधं आहे: विकसनशील देशानं जंगलतोड कमी करून दाखवावी, आणि जितकी कमी केली त्या प्रमाणात श्रीमंत देशांनी पैसे द्यावेत.

'करून दाखवावी' म्हणजे काय, इथून सगळा प्रश्न सुरू होतो. दाखवायचं तर मोजलं पाहिजे. किती हेक्टर जंगल गेलं हा एक आकडा, आणि दर हेक्टरमागे किती कार्बन हवेत गेला हा दुसरा. दोघांचा गुणाकार म्हणजे उत्सर्जन. पहिला आकडा आज बराचसा आकाशातून मिळतो. दुसरा मात्र जमिनीवर, एकेका झाडाला हात लावून मिळवावा लागतो, आणि गरीब देशांची खरी अडचण तिथे होते.

नेपाळच्या चितवन जिल्ह्यात कायरखोला नावाचं पाणलोट क्षेत्र आहे. खाली सालाचं जंगल, वर चढत गेलेल्या उतारांवर चेपांग आणि तामांग लोकांच्या वस्त्या. तिथे सामुदायिक वनांची मोजणी कशी होते ते बारकाईनं सांगतो, कारण सगळं मर्म तपशिलात आहे. आधी नकाशावर यादृच्छिक पद्धतीनं बिंदू ठरतात. जीपीएस घेऊन त्या बिंदूवर जायचं. तो बिंदू काट्यात असो, घळीत असो, चढावर असो, तिथेच जायचं. शेजारची सोयीची सपाट जागा घ्यायची नाही. बिंदूवर खुंटी ठोकायची आणि तिच्याभोवती 8.92 मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं. ही चमत्कारिक वाटणारी त्रिज्या अशासाठी, की तेवढ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ बरोबर 250 चौरस मीटर भरतं, म्हणजे हेक्टरचा चाळिसावा भाग. आत 5.64 मीटरचं दुसरं वर्तुळ, त्यात बारकी झाडं मोजायची. त्याच्याही आत 56 सेंटिमीटर त्रिज्येचं छोटं वर्तुळ, त्यातलं गवत आणि पालापाचोळा गोळा करून वजन करायचं. मातीचे नमुने दहा, वीस आणि तीस सेंटिमीटरपर्यंतच्या थरांतून वेगवेगळे घ्यायचे.

डोंगरात ही त्रिज्या जमिनीला टेकवून मोजून चालत नाही. नकाशावरचं क्षेत्रफळ आडव्या अंतराचं असतं. तीस अंशाच्या उतारावर 8.92 मीटर आडवं अंतर हवं असेल, तर टेप उताराच्या दिशेनं 10.3 मीटर सोडावी लागते. हे विसरलं तर वर्तुळ लहान पडतं, झाडं कमी येतात, आणि आख्ख्या डोंगराचा कार्बन कागदावर घटतो.

मग झाडाचा घेर. जमिनीपासून 1.3 मीटरवर, म्हणजे साधारण छातीइतक्या उंचीवर, टेप गुंडाळायची. आपल्याकडच्या वनखात्यात साडेचार फुटांची, म्हणजे 1.37 मीटरची रीत आहे. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना एवढ्याशा फरकाचंही भान ठेवावं लागतं. झाड उतारावर असेल तर उंची वरच्या अंगानं मोजायची. छातीच्या खाली दुभंगलेलं खोड असेल तर ती दोन झाडं धरायची. वेल असेल तर तिच्याखालून टेप घालायची. टेप ढिली नको, तिरपी नको.

टेप ढिली राहिली तर काय होतं ते एका झाडावर पाहू. समजा, सालाच्या एका झाडाचा व्यास 40 सेंटिमीटर आहे, उंची 22 मीटर, आणि लाकडाची घनता 0.73. उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेलं एक समीकरण आज जगभर वापरतात. 58 ठिकाणची 4,004 झाडं प्रत्यक्ष तोडून, वजन करून जमवलेल्या माहितीवर ते बेतलेलं आहे. त्यात हे तीन आकडे घातले की झाडाचं जमिनीवरचं सुकं वजन सुमारे 1,350 किलो निघतं. त्यातला 47 टक्के भाग कार्बन धरतात, म्हणजे सुमारे 635 किलो. हा कार्बन जळून हवेत गेला तर प्राणवायूशी मिळून सुमारे 2.3 टन कार्बन डायऑक्साइड होतो. आता टेप ढिली राहून व्यास 40 ऐवजी 42 नोंदला गेला, तर घेरात फरक सहा सेंटिमीटरचा आणि कार्बनमध्ये दहा टक्क्यांचा. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून चूक दुप्पट होते. आणि झाड ओळखण्यात गफलत झाली, सालाऐवजी हलक्या लाकडाच्या झाडाचं नाव वहीत पडलं, तर घनतेचा आकडाच बदलतो आणि सगळं गणित फिरतं. सरांचा दंडक इथे आला.

याहून मोठी चूक वर्तुळाच्या काठावर होते. रेषेवरचं झाड आत धरायचं की बाहेर? नियम असा, की खोडाचा मध्य आत असेल तर आत. पण माणसाचा हात काठावरचं झाड आत ओढण्याकडे झुकतो, विशेषतः झाड डेरेदार असेल तर. आपण घेतलेलं ते एकच झाड चुकून आत आलं, तर हेक्टरी हिशेबात ते चाळिसानं गुणलं जातं: 25 टनांहून जास्त कार्बन, एका झाडापोटी. नेपाळच्या 2010 ते 2014 या काळातल्या राष्ट्रीय वनमोजणीत झाडांमधला कार्बन सरासरी हेक्टरी 109 टनांच्या आसपास निघाला होता. त्याच्याशी ताडून पाहा. शेकडो वर्तुळांच्या सरासरीत अशा चुका एकमेकींना पुसतात हे खरं, पण दोन्ही दिशांनी झाल्या तरच. सगळ्या एकाच दिशेनं झाल्या तर सरासरी काढून काही साधत नाही.

इथे मला एका मराठी माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ. चाळिशीच्या दशकात देशातलं धान्याचं उत्पादन मोजण्याची पद्धत बसवत असताना त्यांनी दाखवून दिलं, की पीककापणीसाठी फार लहान तुकडा घेतला तर उत्पादन हमखास जास्त निघतं. कारण हेच: तुकडा जितका लहान, तितका त्याचा काठ क्षेत्रफळाच्या मानानं लांब, आणि काठावरचं ताट आत घेण्याचा मोह सार्वत्रिक. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा या प्रश्नावर झालेला वाद संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे. त्या वादाचं एक अंग मला आजच्या विषयासाठी अधिक मोलाचं वाटतं. महालनोबिस खास नेमलेल्या प्रशिक्षित पथकांवर भिस्त ठेवत. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी महसूल आणि शेतीखात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडूनच, त्यांना नीट शिकवून, मोजणी करून घेतली. मोजणी गावापर्यंत पोचलेल्या यंत्रणेत रुजली तरच ती दरसाल होईल, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात आजही पीककापणी प्रयोग होतात, आणि त्यांच्या निकालावर पीकविम्याचे पैसे अवलंबून असतात, हे इथल्या शेतकरी कुटुंबांतल्या मंडळींना सांगायला नको. सुखात्मे पुढे 1951 पासून जवळजवळ वीस वर्षं रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जंगलाच्या काठावर टेप धरणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा तो लहान तुकड्याचा इशारा पाठ असायला हवा.

आता आकाशाकडे वळू. उपग्रह असताना एवढा घाम कशाला, असं कुणालाही वाटेल. उपग्रहांनी फार मोठं काम केलं आहे. 2008 मध्ये अमेरिकेनं लँडसॅट उपग्रहांची सगळी जुनी-नवी चित्रं फुकट खुली केली, आणि चित्रं विकत घ्यायला पैसे नसलेल्या देशांना स्वतःच्या जंगलाचा पूर्वेतिहास घरबसल्या दिसू लागला. पण साधं उपग्रहचित्र वरचा हिरवा पडदा पाहतं. पडद्याखालचं खोड हातभर जाड आहे की मिठीत न मावणारं, ते त्याला दिसत नाही. रडार पानांतून आत शिरतं, तरी त्यालाही मर्यादा असते. लहरींची लांबी चोवीस सेंटिमीटरच्या आसपास असेल तर हेक्टरी शंभर टन सुक्या वजनानंतर रडारला दाट आणि अतिदाट जंगलातला फरक कळेनासा होतो. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इस्रो आणि नासाच्या 'निसार' उपग्रहावर या लांबीचं रडार आहे. विरळ आणि मध्यम जंगलांसाठी त्याचा मोठा उपयोग होईल. त्याआधी तीन महिने युरोपनं 'बायोमास' नावाचा उपग्रह सोडला, त्याच्या लहरी सत्तर सेंटिमीटरच्या आहेत. त्या पानं आणि फांद्या ओलांडून खोडापर्यंत पोचतात. अंतराळ स्थानकावर 2018 च्या अखेरीस बसवलेलं 'जेडी' हे लेसर-यंत्र झाडांची उंची मोजतं.

मात्र यातलं एकही यंत्र कार्बन मोजत नाही, हे नीट लक्षात घ्या. कुणी उंची मोजतं, कुणी परत आलेल्या लहरींची तीव्रता. त्या आकड्याचा कार्बनचा आकडा करायचा, तर जमिनीवर मोजलेली वर्तुळं लागतात. ज्या देशात अशी वर्तुळं थोडी, तिथला उपग्रहाचा नकाशा दुसऱ्याच देशातल्या झाडांच्या आधारानं रंगवलेला असतो. उष्ण कटिबंधाचे असे दोन नामांकित नकाशे 2011 आणि 2012 मध्ये निघाले. शेजारी ठेवले तर ॲमेझॉन आणि काँगोच्या मोठमोठ्या पट्ट्यांत त्यांचे आकडे जुळत नव्हते.

मोजणी आपल्या हाती असली की काय होतं, याचा सर्वांत बोलका दाखला ब्राझीलचा आहे. तिथली अंतराळ संशोधन संस्था, इन्पे, 1988 पासून दरवर्षी ॲमेझॉनमधल्या जंगलतोडीचा आकडा काढते. 2004 मध्ये तो 27,772 चौरस किलोमीटर होता. म्हणजे एका वर्षात जवळजवळ आपल्या पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या बेरजेइतकं जंगल गेलं. त्याच सुमारास ब्राझीलनं तोडीची खबर लगोलग देणारी दुसरी यंत्रणा उभी केली, आकडे आणि चित्रं जनतेला खुली केली, पथकं नेमक्या जागी पोचू लागली, आणि 2012 पर्यंत तोड 4,571 चौरस किलोमीटरवर आली. 2008 मध्ये ॲमेझॉन निधी स्थापन झाला, नॉर्वेनं शंभर कोटी डॉलरपर्यंत मदतीचा शब्द दिला. त्या निधीनं हेक्टरी कार्बन मुद्दाम कमी, शंभर टन, धरला. दाट जंगलात तो त्याहून बराच जास्त असतो. पण शंका राहील तिथे स्वतःच्या पदरात कमी घ्यायचं, हे त्यांनी ठरवलं, आणि त्यामुळे आकड्यावर विश्वास बसला. पुढे 2019 मध्ये राष्ट्राध्यक्षांना हेच आकडे खुपले. इन्पेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाव यांनी जाहीरपणे आकड्यांची बाजू घेतली आणि त्यांना पदावरून जावं लागलं. आकडे मात्र थांबले नाहीत. तीस वर्षं दरसाल, एकाच पद्धतीनं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत प्रसिद्ध होणारा आकडा दडपणं सरकारलाही सोपं राहत नाही. गाल्व्हाव यांच्या त्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

ब्राझील मोठा देश आहे, त्याच्याकडे अंतराळ संस्था आहे. लहान देशांचं काय? त्यांच्या वाट्याला एक विचित्र अन्याय येतो. जागतिक बँकेच्या वनकार्बन निधीचा नियम असा, की आकड्यातली अनिश्चितता पंधरा टक्क्यांपर्यंत असेल तर काही कापायचं नाही. पंधरा ते तीस असेल तर चार टक्के उत्सर्जन-कपात राखून ठेवायची, तीस ते साठ असेल तर आठ टक्के, आणि शंभराच्या वर गेली तर पंधरा टक्के. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. खात्री नाही त्याचे पैसे मागू नयेत. पण अनिश्चितता कमी करायला वर्तुळं जास्त आखावी लागतात, आणि प्रत्येक वर्तुळाला माणसं, गाडी, मुक्काम, प्रयोगशाळा लागते. ज्याच्याकडे मोजणीला पैसा नाही, त्याचीच मिळकत मोजणी कच्ची म्हणून कापली जाते. ही कात्री गरीब देशांवरच चालते, आणि ती बोथट करायची असेल तर मोजणी स्वस्त आणि पक्की अशी दोन्ही झाली पाहिजे. नेपाळचा अनुभव म्हणूनच मला निर्णायक वाटतो.

नेपाळनं 1957 मध्ये खासगी जंगलं सरकारजमा केली. लोकांचा जंगलाशी असलेला बंध तुटला आणि डोंगर बोडके होत गेले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धोरण उलटं फिरलं, 1993 च्या वनकायद्यानं जंगलं उपभोक्ता समूहांच्या हवाली करण्याचा मार्ग पक्का झाला, आणि आज असे बावीस हजारांहून अधिक समूह आहेत. गवत कधी कापायचं, सरपण किती न्यायचं, वणवा लागला तर कोण धावणार, हे ते ठरवतात. अशा समूहांबरोबर 2009 ते 2013 या काळात नॉर्वेच्या मदतीनं चितवनमधलं कायरखोला, गोरखामधलं लुदीखोला आणि दोलखामधलं चर्नावती या तीन पाणलोटांत एक प्रयोग झाला: दहा हजारांहून जास्त हेक्टर जंगल, सुरुवातीला 105 समूह. गावातल्याच बायका-पुरुषांना घेर, उंची, उतार मोजायला शिकवलं. वर सांगितलेली ती 8.92 मीटरची वर्तुळं त्यांनी दरवर्षी मोजली. अशीच मोजणी त्याआधी आपल्या उत्तराखंडातल्या वनपंचायतींत आणि टांझानियातल्या गावांतही करून पाहिली होती, आणि निष्कर्ष सगळीकडे सारखाच निघाला: शिकवलेल्या गावकऱ्यांचे आकडे व्यावसायिक पथकांच्या आकड्यांच्या जवळ येतात, आणि खर्च बराच कमी लागतो. त्यांना झाडांची नावं शिकवावी लागत नाहीत, हा त्यात मोठा भाग. शहरातून आलेला पदवीधर ज्या झाडापुढे थबकतो, त्याचं नाव तिथल्या बाईला ठाऊक असतं. तेच लाकूड तिच्या चुलीत किती वेळ धगधगतं, हेही ठाऊक असतं, म्हणजे एका अर्थी घनताही.

2011 मध्ये या समूहांना पहिल्या वर्षाचे सुमारे 95,000 डॉलर मिळाले. रक्कम मोठी नाही. दर समूहामागे सरासरी हजार डॉलरही भरत नाहीत. वाटपाचं सूत्र मात्र अभ्यासण्यासारखं आहे. साठलेल्या कार्बनसाठी 24 टक्के आणि वाढलेल्या कार्बनसाठी 16 टक्के. उरलेले 60 टक्के समूहातली माणसं पाहून: आदिवासी जनजातींसाठी 10, दलितांसाठी 15, स्त्रियांसाठी 15 आणि गरीब कुटुंबांसाठी 20. शुद्ध कार्बनचा हिशेब करणाऱ्याला हे गैरलागू वाटेल. मला ते अतिशय शहाणपणाचं वाटतं. जंगलात कार्बन वाढवायचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे जंगल बंद करणं. सरपणाच्या मोळीला मनाई, गुरांना मनाई, चेपांगांच्या फिरत्या डोंगरशेतीला मनाई. त्यात कार्बन वाढेल आणि त्याची किंमत ज्यांच्याकडे काहीच नाही ते भरतील. सूत्रात माणसांना जागा ठेवली की समूहाला बंदीखेरीज दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतात. शेणावरचा गोबरगॅस, लाकूड कमी खाणाऱ्या चुली, गवताची लागवड या त्या वाटा. पुढे 2021 मध्ये नेपाळनं जागतिक बँकेशी तराईच्या तेरा जिल्ह्यांसाठी करार केला: 90 लाख टन कार्बन डायऑक्साइड, टनाला पाच डॉलर, मिळून साडेचार कोटी डॉलरपर्यंत. टनाला पाच डॉलर ही किंमत मला अपमानास्पद वाटते, हे इथे स्पष्ट म्हणतो. जंगल राखण्यासाठी बायाबापड्यांनी सोडून दिलेल्या मोळ्यांची भरपाई त्यातून होत नाही.

एक गोष्ट मात्र टेपनं मोजता येत नाही, ती म्हणजे न घडलेली घटना. आपण राखलं नसतं तर किती जंगल तुटलं असतं, हा अंदाज असतो, आणि पैसे त्या अंदाजाच्या नि प्रत्यक्षाच्या फरकावर मिळतात. कंपन्यांना कार्बन-पत्रं विकणाऱ्या खासगी प्रकल्पांत हा अंदाज सर्रास फुगवला गेला. 2023 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सहा देशांतल्या 26 प्रकल्पांची छाननी आली; बहुतेकांनी जंगलतोड लक्षणीय कमी केल्याचं दिसलं नाही, आणि ज्यांनी केली त्यांची कपात दाव्याच्या मानानं बरीच तोकडी होती. त्याच वर्षी वृत्तपत्रांतून यावर काहूर उठलं. त्या गदारोळात जंगलमोजणीच खोटी ठरवली गेली, याचं मला फार वाईट वाटतं. झाडांचे घेर खरे होते. खोटी होती ती भविष्याची गोष्ट, आणि ती बहुधा जंगलापासून फार दूर बसून लिहिलेली होती. देशाचा एकच हिशेब, सगळ्या जंगलाचा, मागच्या वर्षांच्या प्रत्यक्ष सरासरीवर बेतलेला आणि सगळ्यांना पाहायला खुला असेल, तर फुगवायला वाव फार कमी राहतो.

आता आपल्याकडे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 1987 पासून साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढते. 2023 च्या अहवालात देशाच्या जंगलांतला कार्बन 728.5 कोटी टन सांगितला आहे. 2030 पर्यंत 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड सामावणारं जादा वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन उभं करू, असा शब्द आपण जगाला दिलेला आहे. पण त्या अहवालात वनाच्छादन म्हणजे काय? एक हेक्टरहून मोठी, दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही जमीन, मालकी कुणाचीही असो, झाड कोणतंही असो. आपल्या कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा त्यात येतात. कार्बनच्या दृष्टीनं बाग म्हणजे काही शून्य नव्हे. परंतु सह्याद्रीचा एक देवराईचा तुकडा गेला आणि खाली काजूची बाग आली, तर वनाच्छादनाच्या आकड्यात काहीच हललेलं दिसत नाही, हे धोरणाच्या दृष्टीनं फार गंभीर आहे. बागा आणि नैसर्गिक जंगल यांचे रकाने वेगळे करा, ही मागणी अभ्यासक बरीच वर्षं करत आले आहेत. ती मान्य व्हायलाच हवी.

आणि मोजणी गावाच्या हाती द्यायची तर महाराष्ट्राइतकी तयार जागा देशात क्वचितच असेल. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. लिलाव कसा करायचा, पावती कशी फाडायची, हिशेब सभेपुढे कसा मांडायचा, हे त्यांना येतं. अभ्यासगटात बसून विषय समजून घेण्याची मेंढ्याची रीत तर जुनी आहे. या ग्रामसभांच्या जंगलात कायम खुणा केलेली वर्तुळं असावीत, दर पाच वर्षांनी त्याच झाडांचे घेर पुन्हा घ्यावेत, वही गोंडी आणि मराठी नावांनी लिहिलेली असावी, तिची एक प्रत गावात राहावी, आणि डेहराडूनच्या हिशेबात तिचे आकडे धरले जावेत. परक्या कंपनीनं उद्या कार्बनचा करार घेऊन गावात यावं आणि गावाकडे ताडून पाहायला स्वतःचा एकही आकडा नसावा, ही वेळ त्यांच्यावर येऊ देता कामा नये. असे करार घेऊन माणसं फिरू लागली आहेत.

व्याख्यानमालेच्या विश्वस्तांपुढे म्हणून एक प्रस्ताव ठेवतो. सरांच्या नावानं दरवर्षी एक व्याख्यान होतं, ते होत राहो. त्याच्या जोडीला महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागानं एखाद्या ग्रामसभेशी बोलून, तिची संमती असेल तर, पहिली काही वर्तुळं आखून द्यावीत. टेप, कंपास, उतार मोजायचं साधन आणि रंगाचा डबा, एवढ्याच वस्तू लागतात. झाडं ओळखायला गावातली माणसं पुढे असावीत आणि विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावं. पावसाळा संपल्यावर, पानगळ सुरू व्हायच्या आत, कार्तिकाच्या सुमारास निघावं. तेव्हा पानं झाडावर असतात, ओळख पटते आणि वाटाही मोकळ्या झालेल्या असतात. यंदाचा कार्तिक गाठायचा तर ग्रामसभेकडे पत्र येत्या आषाढापूर्वी गेलं पाहिजे. त्या पत्राचा मसुदा मी सोबत आणला आहे, तो कार्यवाहांकडे देतो.